पाकीट स्वस्त, शेती महाग

परदेशी भांडवल, पेटंट, परवान्याची फी, स्पर्धा आयोग, गुंतवणूकदारांचा विश्वास. हे शब्द वर्तमानपत्राच्या व्यापारी पानावर छापून येतात आणि ते पान आपल्याकडे फार तर भाकरी बांधायला उपयोगी पडते. दिल्लीत कुठला आदेश निघाला, कुठल्या कंपनीने कुठल्या कंपनीला कोर्टात खेचले, याच्याशी कोरडवाहू कापूसवाल्याचे काय देणेघेणे, असे आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात. आमचे म्हणणे उलट आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत परदेशी भांडवल आणि भारत सरकार यांच्यात नियमांची जी रस्सीखेच झाली, तिचा सगळ्यात मोठा आखाडा मुंबईचा शेअरबाजार नव्हता. तो आखाडा होता कापसाच्या बियाण्याचे पाकीट. ते पाकीट दरवर्षी जूनमध्ये आपण स्वतःच्या हाताने फोडतो. म्हणून या अंकात त्या पाकिटाचाच हिशेब मांडतो आहोत.

पाकिटात काय आले, कसे आले

१९८८ साली सरकारने बियाण्याचे नवे धोरण आणले आणि परदेशी बियाणे व तंत्रज्ञान येण्याची वाट थोडी मोकळी केली. १९९१ नंतर उद्योगधंद्याचे परमिट सैल झाले. १९९८ साली अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीने जालन्याच्या महिको कंपनीत २६ टक्के भाग घेतला. पुढे दोघांनी मिळून महिको मोन्सँटो बायोटेक ही कंपनी काढली. २६ मार्च २००२ रोजी बोंडअळीला मारणारे बीटी कापसाचे पहिले संकरित वाण मंजूर झाले आणि २००६ साली दोन जनुकांचे बोलगार्ड-२ आले. या कंपनीने दुकान मांडून आपल्याला बी विकले नाही. तिने देशातल्या बियाणे कंपन्यांना तंत्र वापरण्याचा परवाना दिला आणि दर पाकिटामागे फी घेतली. ही फी कंपनीने भरली असे कागदावर दिसते. भरली आपणच, कारण ती पाकिटाच्या किमतीत होती.

सुरुवातीला हे पाकीट १६०० ते १८५० रुपयांना होते आणि त्यातले १२५० रुपये नुसते तंत्राच्या फीचे होते. यातली मेख अशी, की पहिल्या बीटीच्या जनुकावर भारतात पेटंट नव्हतेच. जे कायद्याने राखीव नव्हते त्याची फी करारनाम्याच्या जोरावर वसूल झाली, कारण बाजारात दुसरा विकणारा नव्हता. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे तक्रार केली. मे २००६ मध्ये आयोगाने फी कमी करायला सांगितले आणि पाकीट ७५० वर आले. त्या वेळी सरकारने केले ते योग्य केले, असे आम्ही आजही म्हणतो. एकच दुकान असेल तर दुकानदाराला विचारणारा कोणीतरी हवा.

महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्याच्या पुरवठ्याचा आणि किमतीचा स्वतःचा कायदा केला. त्यानंतर ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्राने जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली कापूस बियाणे दर नियंत्रण आदेश काढला. सगळ्या देशात एकच भाव आणि तंत्राची फीसुद्धा सरकार ठरवणार. २०१६ च्या हंगामाला बीजी-२ चे पाकीट ८०० रुपये ठरले. त्यातली फी सुमारे १६३ रुपयांवरून ४९ रुपयांवर आणली. २०१८ ला ती ३९ झाली, २०१९ ला २० झाली आणि २०२० पासून शून्य.

आदेश काढायचा, आठवड्यात मागे घ्यायचा

फी उतरवून सरकार थांबले नाही. १८ मे २०१६ रोजी आणखी एक फर्मान निघाले. तंत्राच्या मालकाने परवाना मागणाऱ्या कोणत्याही पात्र कंपनीला नाही म्हणायचे नाही. पहिली पाच वर्षे फी पाकिटाच्या किमतीच्या १० टक्क्यांच्या आत, आणि सहाव्या वर्षापासून दरवर्षी आणखी उतरती. आठवडा संपतो न संपतो तोच हा आदेश मागे घेतला गेला. तो अंतिम आदेश नाही, लोकांच्या सूचनांसाठी ठेवलेला मसुदा आहे, असे सांगण्यात आले. आधी शिक्का मारायचा आणि मग विचारायचे की शिक्का मारू का!

त्याच वर्षी तणनाशक सहन करणाऱ्या नव्या बीटी वाणाच्या मंजुरीचा अर्ज कंपनीने मागे घेतला. या अर्जामागे कित्येक वर्षांच्या शेतातल्या चाचण्या होत्या. एका बाजूला सरकार म्हणत होते, आम्ही शेतकऱ्याला वाचवले. दुसऱ्या बाजूला कंपनी म्हणत होती, या देशात आमच्या संशोधनाला भाव नाही. शेतकऱ्याला कोणी विचारले नाही, की बाबा, तुला १०० रुपये स्वस्त पाकीट हवे की निंदणीचा खर्च वाचवणारे बी हवे?

इकडे कोर्टातही कुस्ती चालू होती. फी थकवल्यावरून परवाना तोडला, तो वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ११ एप्रिल २०१८ रोजी तिथल्या खंडपीठाने सांगितले, की वनस्पती, तिचे भाग आणि बी यांवर आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही, म्हणून बीजी-२ चे पेटंटच रद्द. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला आणि पुराव्यासकट रीतसर सुनावणी करा म्हणून खटला परत पाठवला. २०१९ साली पेटंटची मुदतच संपली. मार्च २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी आपसात मिटवून टाकले. बियाण्यावर पेटंट चालते की नाही, या मूळ प्रश्नाचे उत्तर या खटल्यात शेवटपर्यंत मिळाले नाही. स्पर्धा आयोगाने २०१६ मध्ये जादा फीबद्दल चौकशी लावली होती. १३ जुलै २०२३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ठरवले, की पेटंटच्या व्यवहारात आयोगाने हात घालायचा नाही, त्यासाठी पेटंट कायदा आहे.

या सगळ्या खटल्यांत बाजू कोणाकोणाच्या होत्या ते पाहा. तंत्राची मालक कंपनी, परवानाधारक कंपनी, सरकार, आयोग. ज्याच्या खिशातून फी गेली आणि ज्याच्या शेतात बोंडे सडली, तो कापूसवाला कुठल्याच कागदावर पक्षकार नव्हता. रेड्यांची झुंज लागली की झाडाचाच कुटाणा होतो, हे आपल्याला सांगायला नको.

एकराचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. एकराला दोन पाकिटे धरा. फी १६३ वरून शून्यावर आली, म्हणजे एकरी ३२६ रुपये वाचले. ही बचत खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण कोरडवाहू एकरात पाच क्विंटल कापूस झाला आणि वेचणीचा दर किलोला १० रुपये धरला, तर नुसत्या वेचणीला ५००० रुपये लागतात. आपल्या गावचा दर वेगळा असेल तर तो घाला. कापसाचा भाव क्विंटलला शंभरच रुपये घसरला, तरी ५०० रुपये गेले, म्हणजे वाचलेल्या फीपेक्षा जास्त. अळीने एक क्विंटल खाल्ला तर किती गेले, ते ज्याचे त्याने लिहावे.

आणि पाकिटाचा भावही तिथे थांबला नाही. फी शून्य झाली त्या वर्षी पाकीट ७३० रुपयांना होते. २०२१ ला ते ७६७, २०२२ ला ८१०, २०२३ ला ८५३, २०२४ ला ८६४ आणि २०२५ च्या हंगामाला ९०१ रुपये झाले. परदेशी फीच्या नावाने जो आरडाओरडा झाला तो संपला, तंत्र फुकट झाले, आणि पाकीट २०१६ पेक्षा १०१ रुपयांनी महाग झाले. बियाणे तयार करणाऱ्या शेतकऱ्याची मजुरी वाढली, वाहतूक वाढली, हे मान्य. तेवढाच न्याय मग कापूस पिकवणाऱ्याच्या मजुरीला का लागत नाही?

सगळ्या पाकिटांना एकच भाव ठेवल्याचा दुसरा परिणाम आपण दर मृगाला पाहतो. चांगले बी आणि सुमार बी यांची किंमत कागदावर सारखीच. ज्या वाणाला मागणी, त्याचे पाकीट कृषी सेवा केंद्राच्या मागच्या दाराने जादा भावात मिळते, नाहीतर त्याच्यासोबत नको असलेली औषधाची बाटली घ्यावी लागते. याला लिंकिंग म्हणतात. जादा घेतलेल्या पैशाचे बिल मिळत नाही. दर नियंत्रणाचा फायदा अशा वेळी ना आपल्याला होतो, ना चांगले वाण काढणाऱ्या पैदासकाराला. मधल्या दाराला होतो.

चोर बीटी आणि बदललेला दंड

कायदेशीर वाटेने येणारे बी अडले, पण बी अडले नाही. तणनाशक सहन करणारे तेच तंत्र चोरवाटेने आले आणि आपल्या लोकांनी त्याला नावही नेमके दिले: चोर बीटी. मजूर मिळत नाही, पाऊस लागला की डवरणी होत नाही, निंदणाला पैसा पुरत नाही. म्हणून शेतकऱ्याने ते पेरले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी ते उघडपणे, सांगून-सवरून पेरले आणि गुन्हे अंगावर घेतले. त्या सत्याग्रहाचा अर्थ चोरीला पाठिंबा असा नव्हता. जे हवे आहे ते बिलावर मिळू द्या, एवढाच होता.

चोर बीटीचे खरे नुकसान दंडापेक्षा मोठे आहे. पाकिटावर नाव असते ते खोटे. लॉट नंबर नाही, बिल नाही, उगवले नाही तर तक्रार नाही. आत बोंडअळीचे जनुक आहे की नाही तेही माहीत नाही. कायद्याने दार बंद केले की भामट्याला खिडकी उघडी मिळते.

या ठिकाणी एका ताज्या बदलाकडे लक्ष वेधतो, कारण गावात त्याविषयी चुकीची माहिती फिरते. उद्योगधंदा करणे सोपे व्हावे म्हणून केंद्राने २०२३ साली जनविश्वास कायदा केला आणि ४२ कायद्यांतल्या अनेक तरतुदी सौम्य केल्या. त्यात १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदाही आहे. मंजुरी नसलेले जनुकीय बी पेरण्याला याच कायद्याचा धाक होता: पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. १ एप्रिल २०२४ पासून त्या कलमातली थेट कैद गेली आणि दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. दंड भरला नाही तर मात्र पुन्हा तुरुंग आहेच. कारखानदाराला पंधरा लाख हा धंद्याचा खर्च वाटेल. पाच एकरवाल्याला पंधरा लाख म्हणजे पाचही एकर. म्हणून "आता कैद नाही, पेरा बिनधास्त" असे सांगणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. बियाण्याचे इतर कायदे जागच्या जागी आहेत.

अळी आली तेव्हा जबाबदार कोण?

शेंदरी बोंडअळीने पहिल्या बीटीला दाद देणे सोडल्याचे गुजरातेत २००९-१० मध्येच दिसले होते. पुढे बीजी-२ चेही तेच झाले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात डोमकळ्या दिसल्या, मग कवडी, आणि शेवटी उभ्या पऱ्हाटीत जनावरे सोडावी लागली. त्या डिसेंबरात राज्य सरकारने विधिमंडळात मदत जाहीर केली: कोरडवाहू हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायती ३७,५००. यातले १६,००० रुपये बियाणे कंपन्यांकडून, ८,००० पीक विम्यातून, उरलेले आपत्ती निधीतून. आकडा मोठा होता, टाळ्याही पडल्या. पण कंपन्यांनी ती जबाबदारी मानली नाही. दुसऱ्याच्या खिशावर धनादेश लिहिला, की तो असा परत येतो.

कृषिशास्त्र शिकलेले म्हणून आम्ही सांगतो, अळीची प्रतिकारशक्ती हा दैवी कोप नव्हता. एकच जनुक सगळीकडे, दीर्घ मुदतीचे संकरित वाण, फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड, आणि बांधाला बिगर-बीटीच्या ओळी नाहीत. अशा रानात अळी टिकणार हे पुस्तकात होते. १२० ग्रॅमचे बिगर-बीटीचे छोटे पाकीट मोठ्या पाकिटासोबत मिळत असे. ते किती जणांनी पेरले हे ज्याने त्याने आठवावे. पण त्या छोट्या पाकिटातले बी वेळेला फुलणारे आणि जोमाचे होते काय, हे तपासण्याचे काम कंपनीचे आणि सरकारचे होते. आता बिगर-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून येते, म्हणून पाकीट ४५० ऐवजी ४७५ ग्रॅमचे झाले.

२०१३-१४ मध्ये देशात हेक्टरी रुईचे उत्पादन साडेपाचशे किलोंच्या वर होते. २०२२-२३ मध्ये ते साडेचारशेच्या आत आले. याच वर्षांत तंत्राची फी उतरत होती. बीजी-२ नंतरचे पुढचे तंत्र या काळात कायदेशीर वाटेने आपल्या शेतात आले नाही. फी उतरली म्हणून उत्पादन उतरले असे कोणी म्हटले तर ते अर्धे खोटे आहे. अळी, पाऊस, जमीन यांचाही त्यात वाटा आहे. पण फी उतरवणे म्हणजे शेतकऱ्याचे रक्षण, हे मात्र पूर्ण खोटे ठरले.

दोन मक्तेदाऱ्या

आमच्यावर दोन्हीकडून आरोप होतो. कंपनीला विचारले की म्हणतात तुम्ही विज्ञानविरोधी. सरकारला विचारले की म्हणतात तुम्ही कंपनीचे दलाल. दोघांनाही आमचे उत्तर एकच आहे. या राज्यातल्या कापूस उत्पादकाने १९७२ पासून तीस वर्षे एकाधिकार खरेदी भोगली आहे. एकच घेणारा असला म्हणजे ग्रेड कशी उतरते, चुकारा किती महिने लटकतो, हे आम्ही जाणतो. एकच विकणारा असला म्हणजे १२५० रुपये फी कशी लागते, तेही पाहिले. एकाधिकार सरकारचा असो की कंपनीचा, काटा त्याच्या हातात असतो आणि माप आपले भरते.

मक्तेदारीवरचा उतारा दुसरी मक्तेदारी नाही. उतारा म्हणजे दुकानात दोन-चार पर्याय असणे. तो पर्याय कुठून येतो? काही परदेशी कंपन्यांकडून, काही देशी कंपन्यांकडून, आणि काही आपल्याच कराच्या पैशावर चालणाऱ्या नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेकडून आणि अकोला, परभणी, राहुरीच्या विद्यापीठांकडून. ज्या पहिल्या जनुकावर पेटंट नव्हते ते सरळ वाणात घालून रजत बीटीसारखे वाण तयार झाले आहेत. सरळ वाणाचे बी घरी राखता येते, दाट पेरता येते, आणि लवकर येणारे असले तर बोंडअळीच्या तडाख्यातून निसटते. मोठ्या कंपनीला त्यात गोडी नाही, कारण असे बी दरवर्षी विकता येत नाही. म्हणूनच ते सरकारी संस्थेचे काम आहे. पाकिटाचा भाव ठरवायला सरकारला दरवर्षी वेळ मिळतो. सरळ वाणाचे बी पुरेसे तयार करायला का मिळत नाही?

ज्वारीकडे पाहा. रब्बीची मालदांडी आजही शेतकरी घरच्या कणगीतून काढून पेरतो. त्या बियाण्याला पेटंट नाही, फी नाही. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बी राखणे, पेरणे, देणे-घेणे, आणि ब्रँडच्या नावाविना विकणे हा आपला हक्क मान्य केला आहे. खरिपात सीएसएच-९ सारखे संकरित वाण आपण विकतही घेतले, कारण ते पिकले. घरचे बी आणि दुकानातले बी यांत निवड करता येते तिथे शेतकरी ओलीस पडत नाही. कापसात निवड उरली नाही, हे दुखणे आहे.

गुंतवणूकदार कोण?

धोरण बदलले की परदेशी गुंतवणूकदार नाराज होईल, अशी काळजी मोठ्या पानांवर वाहिली जाते. काळजी रास्त आहे. नियम आठवड्यात फिरत असेल तर कोण पैसा लावील? पण आम्ही विचारतो, कोरडवाहू शेतकरी गुंतवणूकदार नाही काय? कंपनीचे भांडवल तिच्या तिजोरीत असते. नियम बदलला की ती अर्ज मागे घेते आणि दुसऱ्या देशात जाते. आपले भांडवल जूनमध्ये मातीत जाते. बी, खत, नांगरट, उधारी, सगळे जमिनीत. जुलैमध्ये ते उपसून परत आणता येत नाही.

आणि नेमके त्याच वेळी नियम बदलतात. २०२१ पासून परदेशी कापसावर ११ टक्के आयात कर होता. २०२५ मध्ये पेरण्या झाल्या, लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला, आणि १९ ऑगस्टपासून आयात कर माफ करण्यात आला. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग लगेच मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात येईपर्यंत. अमेरिकेने ५० टक्के कर लावल्याने कापड गिरण्या अडचणीत आल्या, हे कारण होते. गिरणी अडचणीत येते हे आम्हाला कळते. पण गिरणीची अडचण एका अधिसूचनेने दूर होते आणि शेतकऱ्याची वाढते, याला व्यापाराचे स्वातंत्र्य म्हणत नाहीत. बी घेताना दर नियंत्रण, कापूस विकताना खुला बाजार आणि वर आयात. स्वातंत्र्य द्यायचे तर दोन्हीकडे द्या.

नवा बियाणे मसुदा आणि आपल्या मागण्या

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या बियाणे कायद्याचा मसुदा सूचनांसाठी जाहीर केला. १९६६ चा कायदा जुना झाला होता यात शंका नाही. त्यात पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. नव्या मसुद्यात वाणांची सक्तीची नोंदणी, पाकिटावर बी कुठून आले ते सांगणारा क्यूआर कोड, आणि गंभीर गुन्ह्याला ३० लाखांपर्यंत दंड व तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शेतकऱ्याचा घरचे बी राखण्याचा हक्क त्यात ठेवला आहे. हे चांगले. पण दंड सरकारी खजिन्यात जातो. बी फसले तर शेतकऱ्याला भरपाई कोण, किती दिवसांत देणार, याची सोपी वाट मसुद्यात आम्हाला सापडली नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्येच सांगितले आहे, की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. हा हक्क आज हातात आहे. पण वकील आणि तारखा कापूसवाल्याला परवडत नाहीत.

जिल्हा बैठकीत पुढील पाच मागण्या ठरावाच्या रूपाने मांडाव्यात, असे आम्ही सुचवतो.

एक : बियाणे, तंत्रज्ञान आणि आयात-निर्यात यांचे नियम पेरणीच्या आधी जाहीर व्हावेत आणि तो माल विकला जाईपर्यंत बदलू नयेत.

दोन : नव्या तंत्राच्या मंजुरीला ठरलेली मुदत असावी. सुरक्षित नसेल तर कारणे देऊन नाकारा, असेल तर मंजूर करा. वर्षानुवर्षे फाइल दाबून ठेवणे हा निर्णय नव्हे.

तीन : जनुक अळीवर चालते की नाही याची जिल्हावार तपासणी दरवर्षी व्हावी आणि निकाल पेरणीपूर्वी मराठीत जाहीर व्हावा. चालत नसेल तर ते पाकिटावर छापावे.

चार : सरळ वाणांच्या बीटी बियाण्याचे उत्पादन सरकारी संस्थांनी मागणीइतके करावे.

पाच : बी सदोष ठरल्यास त्याच हंगामात भरपाई मिळावी. ती विकणाऱ्याने द्यावी, आणि तालुक्याच्या पातळीवर पंचनाम्यावर द्यावी.

मागण्या सरकारकडे आहेत. काही कामे आपली आहेत. पक्के बिल घेतल्याशिवाय पाकीट उचलू नका. रिकामे पाकीट, टॅग आणि मूठभर बी वेचणी होईपर्यंत जपून ठेवा. भांडण झाले तर तोच पुरावा. छापील किमतीपेक्षा जादा मागितले किंवा लिंकिंग केले तर दोन साक्षीदारांसह कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी ठेवू नका. कामगंध सापळे गावाने मिळून लावा, कारण अळी बांध ओळखत नाही.

बैठकीला येताना या हंगामाची बियाण्याची बिले सोबत आणा. कोणत्या गावात कोणते पाकीट किती रुपयांना मिळाले, किती जणांना बिल नाकारले, कुठे उगवण कमी झाली, याची यादी तालुकावार तिथेच करू. ठरावाला ती यादी जोडली, की ठराव नुसता कागद राहणार नाही.